दारं-खिडक्या बनवणारा सेंटर फॉरवर्ड

३१ ऑगस्ट १९९७. मिलान शहरातलं सान सिरो मैदान. लोक आले होते ते एकाच माणसाला पाहायला. इंटर मिलानने त्या उन्हाळ्यात ब्राझीलच्या रोनाल्डोला बार्सिलोनाकडून प्रचंड किमतीला विकत घेतलं होतं आणि इटलीच्या लीगमधला हा त्याचा पहिलाच सामना होता. समोरचा संघ ब्रेशा. नुकताच दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला, त्यामुळे त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती.

सामना संपायला पंधरा-सतरा मिनिटं उरली असताना पहिला गोल झाला, आणि तो रोनाल्डोने केला नाही. केला ब्रेशाच्या सेंटर फॉरवर्डने. त्याचाही हा सेरी आ मधला, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च डिव्हिजनमधला, पहिलाच सामना होता. फरक एवढाच की रोनाल्डो तेव्हा वीस वर्षांचा होता आणि हा तीस वर्षांचा. नाव दारिओ ह्युबनर.

पुढे काय झालं ते फुटबॉलवेड्यांना माहीत असेल. इंटरने अल्वारो रेकोबा नावाच्या उरुग्वेच्या पोराला बदली खेळाडू म्हणून उतरवलं. त्याचाही तो पहिला सामना. त्याने डाव्या पायाने लांबून दोन अफलातून गोल ठोकले आणि इंटर २-१ ने जिंकलं. आज तो सामना रेकोबाचा सामना म्हणूनच ओळखला जातो. ह्युबनरचा गोल त्यात विरून गेला. पण मला या लेखात त्या विरून गेलेल्या गोलाच्या मालकाबद्दलच लिहायचं आहे.

(उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे आडनाव वाचताना डोळ्यांपुढे 'हुनर' दिसतं. जर्मन नावाशी त्याचा काही संबंध नाही हे मलाही कळतं, पण नजरेची सवय जात नाही.)

जर्मन नाव इटलीत कसं, हा प्रश्न पडेल. दारिओ ह्युबनरचा जन्म २८ एप्रिल १९६७ रोजी त्रिएस्तेजवळच्या मुज्जा गावचा. त्रिएस्ते हे पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचं बंदर. १९१८ नंतर ते इटलीकडे आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं तो मुलूख ना इटलीचा ना युगोस्लाव्हियाचा, अशा अधांतरी अवस्थेत होता आणि १९५४ मध्ये शहराचा भाग परत इटलीला मिळाला. मुज्जा तर अगदी सीमेला खेटून. तिथे इटालियन, स्लोव्हेन, जर्मन अशी सगळ्या प्रकारची आडनावं सापडतात. रोम किंवा मिलानमधल्या माणसाला हा भाग देशाचा कोपराच वाटतो.

या कोपऱ्यातला हा पोरगा शाळेत फार रमला नाही. लवकरच कामाला लागला. काम काय, तर लोखंडाचं आणि अॅल्युमिनियमचं, दारं-खिडक्यांच्या चौकटी बनवण्याचं. आपल्याकडे याला 'सेक्शनचं काम' म्हणतात. शहरातल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, कटर मशीनचा तो कर्कश आवाज ऐकू येतोच. ह्युबनर दिवसभर हे काम करायचा आणि संध्याकाळी गावच्या मुज्जेसाना या क्लबच्या सरावाला जायचा.

इथे इटलीची फुटबॉलची शिडी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. सगळ्यात वर सेरी आ. तिच्याखाली सेरी बी. त्याखाली सेरी सी, जी १९७८ पासून सी-वन आणि सी-टू अशा दोन पायऱ्यांत विभागलेली होती. या चारही पायऱ्यांवर पगारी खेळाडू. पाचवी पायरी इंटररेजिओनाले, म्हणजे हौशी खेळाडूंची सर्वात वरची पातळी. त्याखाली प्रादेशिक आणि जिल्हा पातळीचे असंख्य संघ. प्रत्येक हंगामाच्या शेवटी गुणतालिकेतले वरचे संघ एक पायरी चढतात, खालचे एक पायरी उतरतात. म्हणजे तत्त्वतः गावातल्या चर्चमागच्या मैदानापासून सान सिरोपर्यंत अखंड जिना आहे. कुठेही भिंत नाही.

हे तत्त्व झालं. व्यवहारात मोठे क्लब दहा-बारा वर्षांच्या पोरांनाच हेरून आपल्या अकादमीत घालतात, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी कोण वर जाणार हे बहुतेक ठरलेलं असतं. त्या ब्रेशा संघातच याचं उदाहरण होतं. आंद्रेआ पिर्लो तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि सेरी आ मध्ये तो त्याआधीच, १९९५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी खेळून चुकला होता. एकाच संघात एक जण सोळाव्या वर्षी पोहोचलेला आणि दुसरा तिसाव्या.

तर ह्युबनर या जिन्याची एकेक पायरी चढला. वीस वर्षांचा झाला तेव्हा कुठे तो गाव सोडून पिएविजिना या क्लबकडून पाचव्या पायरीवर खेळू लागला. पुढच्या वर्षी सी-टू मध्ये पेर्गोक्रेमाकडे. क्रेमा हे लोम्बार्डीतलं छोटंसं गाव. तिथे तो एकच हंगाम खेळला, पण पुढे आयुष्यभरासाठी त्याच भागात स्थायिक झाला. मग एड्रियाटिक किनाऱ्यावरचं फानो. तिथे तीन वर्षं. संघ सी-टू मधून सी-वन मध्ये चढला आणि १९९१-९२ च्या हंगामात ह्युबनर १४ गोल करून सी-वन मधल्या आपल्या गटात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

इटालियन भाषेत अशा खेळाडूला 'कापोकान्नोनिएरे' म्हणतात. सरळ अर्थ, तोफचींचा म्होरक्या. आपल्याकडे तोफखान्याचा प्रमुख म्हटलं की पानिपतचा इब्राहिमखान गारदी आठवतो, इटलीत सेंटर फॉरवर्ड आठवतो. हा शब्द लक्षात ठेवा, कारण ह्युबनरच्या कारकिर्दीत तो तीन वेळा येणार आहे.

१९९२ मध्ये सेरी बी मधल्या चेझेनाने त्याला घेतलं. वय पंचवीस. चेझेनाकडे तो पाच वर्षं राहिला. मला विचाराल तर त्याच्या गोष्टीतली ही पाच वर्षं सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळे जण तीच घाईघाईत ओलांडून जातात. 'तीस वर्षांपर्यंत कुणाला माहीत नसलेला माणूस अचानक चमकला' अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. अचानक काहीही झालेलं नाही. १९९४ मध्ये चेझेना सेरी आ च्या उंबरठ्यावर होतं. पादोव्हाविरुद्ध एक निर्णायक सामना त्रयस्थ मैदानावर खेळवला गेला. तो चेझेना हरलं. जिंकलं असतं तर ह्युबनर सत्तावीसाव्या वर्षीच वरच्या डिव्हिजनमध्ये खेळला असता आणि 'उशिरा फुललेला' हे विशेषण त्याला कुणी लावलंच नसतं. दोन वर्षांनी, १९९५-९६ मध्ये, त्याने सेरी बी मध्ये २२ गोल केले. तिथेही कापोकान्नोनिएरे. दुसऱ्या डिव्हिजनमधला सर्वात जास्त गोल करणारा माणूस, वय एकोणतीस. तरीही पुढच्या हंगामात तो चेझेनाच्याच कपड्यांत होता, आणि त्या हंगामाच्या शेवटी चेझेना घसरून सी-वन मध्ये गेलं.

म्हणजे उशीर त्याच्या खेळाला झालेला नव्हता. उशीर पाहणाऱ्यांना झाला होता.

पाहणाऱ्यांची बाजूही न्यायाने मांडायला हवी. नव्वदच्या दशकातली इटालियन लीग ही जगातली सर्वात श्रीमंत लीग. मिलानकडे जॉर्ज वेआ, फिओरेंतिनाकडे बातिस्तुता, पुढे इंटरकडे रोनाल्डो, पार्माकडे क्रेस्पो. त्यात डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोस्मान निकाल आला आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवरची मर्यादा उठली. आधीच बाहेरून माल आणायची चटक लागलेली, आता दारच सताड उघडं. अशा बाजारात चेझेनाच्या एकोणतीस वर्षांच्या, दिसायला ओबडधोबड, पूर्वाश्रमीच्या कारागिराला कोण विचारणार? विकत घेतलेल्या खेळाडूची पुढे विक्रीची किंमत येते का, हेही पाहिलं जातं. तिशीला टेकलेल्या माणसाची येत नाही. हिशेब साधा होता आणि त्या हिशेबात तो बसत नव्हता.

असे दरवाजे कधीच उघडत नव्हते असंही नाही. सिसिलीच्या पालेर्मोचा साल्वातोरे स्किलाची पोरवयात टायरच्या दुकानात काम करायचा. मेस्सिनाकडून सेरी बी मध्ये तो सर्वाधिक गोल करणारा ठरला, १९८९ मध्ये युव्हेंतुसने त्याला उचललं, आणि एका वर्षाने १९९० च्या विश्वचषकात ६ गोल करून तो जगभर पोहोचला. पण स्किलाची तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, आणि ते बोस्मानच्या आधीचं जग होतं.

१९९७ मध्ये ब्रेशाने ह्युबनरला घेतलं आणि मग तो सान सिरोचा दिवस आला. पहिल्याच हंगामात त्याने सेरी आ मध्ये १६ गोल केले. संघ मात्र घसरला. तो संघाबरोबर खाली गेला, सेरी बी मध्ये ओळीने दोन हंगाम २१-२१ गोल केले, आणि २००० मध्ये संघ पुन्हा वर आला. त्याच उन्हाळ्यात ब्रेशात रॉबेर्तो बाज्जो दाखल झाला. बाज्जो म्हणजे इटलीतला त्या पिढीचा सर्वात नाजूक कलाकुसरीचा खेळाडू. गुडघे निकामी होत आलेले, मोठ्या क्लबांनी बाजूला टाकलेला. प्रशिक्षक होते कार्लो माझ्झोने. एक सुवर्णपदक मिळालेला सोनार आणि एक लोहार, अशी ती जोडी. बाज्जोने चेंडू सोडायचा आणि ह्युबनरने मान खाली घालून त्याच्यामागे सुटायचं. त्या हंगामात ह्युबनरचे १७ गोल झाले. घसरण टाळणं एवढंच ज्याचं स्वप्न, तो ब्रेशाचा संघ गुणतालिकेच्या वरच्या अर्ध्यात जाऊन बसला.

मान खाली घालून धावण्यावरून त्याला 'तातान्का' हे टोपणनाव पडलं होतं. अमेरिकेतल्या लाकोटा लोकांच्या भाषेत तातान्का म्हणजे रानगवा. नाव चपखल आहे. त्याच्या खेळात नक्षीकाम नव्हतं. बचावपटूच्या पाठीमागची जागा हेरायची, तिथे सर्वांत आधी पोहोचायचं आणि चेंडू मारायचा. चौकट बसवणाऱ्याला चौकट कुठे आहे ते मान वर करून पाहावं लागत नाही, तसं.

आता त्याच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट, जी माझ्या विद्यार्थ्यांनी वाचू नये अशी माझी इच्छा आहे. ह्युबनर भरपूर सिगारेटी ओढायचा. लपूनछपून नाही, उघड. आणि ग्राप्पा प्यायचा. ग्राप्पा म्हणजे द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली उत्तर इटलीतली कडक दारू. ब्रेशाचे अध्यक्ष जिनो कोरिओनी म्हणायचे म्हणे, की सिगारेट आणि ग्राप्पा नसती तर हा जगातला सर्वोत्तम झाला असता. इटलीतले चाहते या गोष्टीवर फिदा आहेत. मला त्यात फिदा होण्यासारखं काही दिसत नाही. कामगार वस्तीतली सवय होती, ती सुटली नाही, एवढंच. आणि या एका किश्श्यामागे त्याचे गोल झाकले जातात. सिगारेट ओढणारे सेंटर फॉरवर्ड शेकड्यांनी मिळतील, पुढे जे त्याने केलं ते करणारे दोनच आहेत.

२००१ मध्ये ब्रेशाने एक उंच, तरुण आघाडीपटू आणला, लुका तोनी. तोही सेरी सी मधून वर आलेला. चौतीस वर्षांच्या ह्युबनरला जागा सोडावी लागली. तो पिआचेंझाला गेला. पिआचेंझा हा एक वेगळाच क्लब होता. १९९३ मध्ये तो पहिल्यांदा सेरी आ मध्ये आला आणि बाकीचे क्लब परदेशी तारे गोळा करत असताना याने अनेक वर्षं फक्त इटालियन खेळाडू खेळवले. काही जण याला स्वाभिमान म्हणतात. मला यात खिशाचा वाटा जास्त वाटतो. कारण काहीही असो, मोठ्यांनी न पाहिलेल्या देशी खेळाडूंना तिथे आसरा मिळाला. ह्युबनर आला त्याच हंगामात त्यांनी परदेशी खेळाडूंसाठी दार उघडलं, पण संघाचा पिंड तोच होता.

वॉल्तेर नोव्हेल्लीनो या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्या हंगामात ह्युबनरने २४ गोल केले. संघाने वर्षभरात जेवढे गोल केले त्यातले जवळपास निम्मे या एका माणसाचे. शेवटचा दिवस ५ मे २००२. इटलीत तो दिवस इंटरच्या रडण्यासाठी लक्षात आहे. रोममध्ये लात्सिओकडून ४-२ ने हरून त्यांनी हातातलं विजेतेपद युव्हेंतुसला देऊन टाकलं. टीव्हीचे सगळे कॅमेरे तिकडे. इकडे पिआचेंझात व्हेरोनाविरुद्ध जिवावरचा सामना होता, हरेल तो खाली जाणार अशी अवस्था. व्हेरोनाच्या संघात आद्रियान मुतू, मावरो कामोरानेझी, मास्सिमो ओद्दो, कोवळा जिलार्दिनो अशी पोरं होती. त्यातले तिघे पुढे चार वर्षांनी विश्वविजेते झाले. पिआचेंझा ३-० ने जिंकलं आणि ते सगळे खाली गेले.

युव्हेंतुसच्या डेव्हिड त्रेझेगेचेही २४ गोल झाले होते. त्रेझेगे चोवीस वर्षांचा, फ्रान्सचा विश्वविजेता, ज्याच्या गोलाने दोन वर्षांपूर्वी इटलीचाच युरो चषक गेला होता. त्याच्या शेजारी, त्याच्याएवढ्याच गोलांवर, आठवड्यापूर्वी पस्तीस पूर्ण केलेला मुज्जाचा कारागीर. सेरी सी-वन, सेरी बी, सेरी आ, तिन्हीकडे कापोकान्नोनिएरे होणारा तो पहिला.

दुसरा लगेच एका वर्षात आला, आणि त्याची गोष्ट या गोष्टीची आरशातली प्रतिमा आहे. इगोर प्रोत्ती. जन्म सप्टेंबर १९६७, रिमिनीचा, म्हणजे ह्युबनरपेक्षा पाच महिन्यांनी लहान. १९९५-९६ मध्ये ह्युबनर सेरी बी मध्ये पहिला आला त्याच हंगामात प्रोत्ती बारी संघाकडून सेरी आ मध्ये २४ गोल करून सिन्योरीबरोबर पहिला आला, आणि तरीही त्याचा संघ घसरला. सर्वाधिक गोल करणारा खेळाडू घसरणाऱ्या संघात, असा प्रकार. पुढे लात्सिओ, नापोली वगैरे झालं, आणि मग १९९९ मध्ये त्याने स्वतःहून जिना उतरायला घेतला. तारुण्यात जिथे खेळला होता त्या लिव्होर्नो या बंदराच्या शहरी तो परत गेला. संघ सेरी सी-वन मध्ये. २००१ मध्ये २० गोल, २००२ मध्ये २७, दोन्ही वेळा गटात पहिला. संघ वर आला. २००३ मध्ये सेरी बी मध्ये २३ गोल, पुन्हा पहिला. २००४ मध्ये लिव्होर्नो सेरी आ मध्ये. ह्युबनर खालून वर चढत तीन डिव्हिजन पुरा करून गेला. प्रोत्ती वरून तळाला उतरला आणि तिथून अख्खं शहर खांद्यावर घेऊन वर आला. मला स्वतःला प्रोत्तीचा निर्णय जास्त अवघड वाटतो.

या दोघांत आणखी एक गोष्ट समान आहे. इटलीच्या राष्ट्रीय संघाचा निळा शर्ट दोघांपैकी कुणालाही कधीच मिळाला नाही. २००२ चा विश्वचषक मे महिन्याच्या शेवटी सुरू झाला. प्रशिक्षक त्रापात्तोनींनी आघाडीसाठी व्हिएरी, इन्झागी, देल पिएरो, तोत्ती, मोंतेल्ला आणि देल्व्हेक्किओ नेले. नावं पाहता त्यांना दोष देता येत नाही. त्यातला व्हिएरी तर एकटा अर्धा संघ होता. १८ जून रोजी दक्षिण कोरियाकडून इटली हरलं. ह्युबनर असता तर जिंकलं असतं का, असल्या चर्चा चहाच्या टपरीवर ठीक. पण देशाच्या लीगमध्ये सर्वात जास्त गोल करणाऱ्या माणसाला देशाचा एकही सामना मिळू नये, मैत्रीपूर्ण सामनासुद्धा नाही, हे मात्र मला पटलेलं नाही. त्या उन्हाळ्यात एसी मिलान त्याला अमेरिकेच्या दौऱ्यावर बरोबर घेऊन गेलं. दौरा संपल्यावर तो पिआचेंझाला परतला.

शिक्षक म्हणून मी वयोगटांच्या जगात राहतो. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील. ३१ डिसेंबरला एक मुलगा खेळाडू असतो आणि १ जानेवारीला तो 'ओव्हरएज' होतो. माझा एक माजी विद्यार्थी, डावखुरा, चेंडू पायाला चिकटलेला, दहावीनंतर सेक्शनच्या कामाला लागला. मध्यंतरी भेटला तेव्हा हाताला पट्टी होती, पत्र्याने कापलं होतं. खेळतोस का विचारलं तर हसला. म्हणाला, "सर, आता कुठे? वय गेलं." वय किती, तर बावीस. बावीसाव्या वर्षी ह्युबनर सी-टू मध्ये होता. त्या पोराला मी ह्युबनरची गोष्ट सांगितली नाही. सांगून काय उपयोग होता? आमच्या भागात जिनाच नाही. सतराव्या वर्षानंतर जी स्पर्धा आहे ती गणपती आणि ईदच्या सुट्ट्यांत भरणारी, सात-सात जणांची, बक्षीस म्हणून बोकड किंवा ढाल. तिच्या वर पुढची पायरी कुठे आहे हे मलाही सांगता येत नाही.

ह्युबनरची उतरणही चढणीसारखीच झाली, पायरी-पायरीने. पिआचेंझाकडून आणखी एक हंगाम, १४ गोल, पण संघ घसरला. मग आंकोना, जिथे काहीच जमलं नाही. अर्ध्या हंगामात पेरुजा. सेरी आ मधले त्याचे एकूण ७४ गोल झाले, सगळे तिशीनंतरचे. २००४ मध्ये तो सी-वन मध्ये मांतोव्हाकडे गेला आणि तो संघ सेरी बी मध्ये चढला.

त्याने जिथे विक्रम सोडला तिथे तो मोडणारा माणूसही ठरलेला होता. ब्रेशात ज्याच्यासाठी त्याने जागा केली तो लुका तोनी पुढे २००६ चा विश्वविजेता झाला, आणि २०१५ मध्ये अडतिसाव्या वर्षी व्हेरोनाकडून २२ गोल करून इकार्दीबरोबर सेरी आ चा सर्वात वयस्क कापोकान्नोनिएरे ठरला. तोवर ते नाव ह्युबनरचं होतं. २०१८ मध्ये एका तरुण इटालियन गायकाने 'ह्युबनर' नावाचं गाणं काढलं. गंमत म्हणजे त्या गायकाचं टोपणनाव 'कलकत्ता' आहे, भारतातल्या सर्वात फुटबॉलवेड्या शहराचं.

मांतोव्हानंतर बूट खुंटीला लावायला हरकत नव्हती. ह्युबनरने लावले नाहीत. ब्रेशा आणि क्रेमाच्या आसपासच्या हौशी क्लबांकडून, कियारी, रोदेंगो सायानो अशा गावांच्या संघांतून, तो चाळिशी ओलांडल्यावरही खेळत राहिला. आठवडाभर कारखान्यात किंवा दुकानात काम करून रविवारी मैदानावर उतरणारे तिथले बचावपटू. त्यांच्यासमोर एकेकाळी माल्दिनी आणि कान्नावारो ज्याच्यामागे धावले तो माणूस, मान खाली घालून, चेंडूच्या मागे.